शिखरजी की क्रूझ?



"एवढ्या पैशात सगळ्या भावकीला शिखरजी घडवलं असतं," असं नणंदबाई म्हणाल्या. हिशेब बरोबर आहे. तरी नातवंडांना घेऊन भूमध्य समुद्रातली क्रूझ एकदा करावी, असं माझं मत. करायची तर चातुर्मासाआधी. जूनमध्ये तिकडे सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. जेवणाची पहिली पाळी घेतली की रात्रीभोजनाचा प्रश्नच नाही. कंदमुळांचं मात्र बुकिंगच्या वेळीच लिहून द्यावं.

बंदरं कमी असलेली सफर निवडा. तुर्कस्तानातल्या एफिससला घाईनं उरकू नये. रोमन काळातलं हे मोठं व्यापारी बंदर. नदीच्या गाळानं बुजलं, आज समुद्र काही किलोमीटर दूर! तिथलं आर्टेमिसचं देऊळ प्राचीन सात आश्चर्यांपैकी एक. आता तुकडे जोडून उभा केलेला एकच खांब दिसतो, त्यावर करकोचे घरटं बांधतात.

पाठशाळेत बारा भावना पाठ केलेली नात तो खांब पाहून म्हणाली, "आजी, सगळं अनित्यच, तर एवढं मोठं देऊळ बांधलं कशाला?" पुढच्या पंचकल्याणकात बोली लावायच्या आधी तिला उत्तर द्यायचं आहे.