तांब्याच्या वाटा कोणी आखल्या?

१/
संगणकाचा इतिहास आपण बहुधा नावांनी पाठ करतो. चिप कोणी शोधली, यंत्र कोणी घडवले, कंपनी कोणी काढली. पण कोणतेही यंत्र उघडून आतला हिरवा बोर्ड पाहा. त्यावर तांब्याच्या शेकडो बारीक वाटा एका भागापासून दुसऱ्यापर्यंत गेलेल्या असतात. त्या कोणी आखल्या, हा प्रश्न इतिहासाने फारसा विचारलेला नाही. तो विचारला पाहिजे, असे माझे मत आहे. या वाटा म्हणजे ऐतिहासिक साधन आहे आणि ते आपण रोज भंगारात घालत आहोत.

२/
आधी अडचण समजून घेऊ. बोर्डाच्या एकाच थरावर दोन वाटा एकमेकींना छेदू शकत नाहीत. छेदल्या की शॉर्ट सर्किट. मग एक तर वळसा घ्यायचा, नाहीतर बोर्डाला छिद्र पाडून दुसऱ्या थरावर उतरायचे. अशा छिद्राला ‘व्हाया’ म्हणतात. प्रत्येक छिद्राला खर्च आहे, प्रत्येक वळशाला जागा लागते. शिवाय आधी आखलेली वाट नंतरच्या वाटेची जागा अडवते. या सगळ्या जुळवाजुळवीला ‘राउटिंग’ म्हणतात.

३/
ही कथा सुरू होते ती एका निर्वासितापासून. पॉल आइस्लर हा १९०७ साली व्हिएन्नात जन्मलेला ज्यू अभियंता १९३६ मध्ये इंग्लंडला आला. त्या काळी रेडिओच्या आतल्या तारा हाताने, एकेक करून जोडल्या जात. आइस्लरने त्या जोडण्या छापण्याची कल्पना मांडली: तांब्याच्या पातळ पत्र्यावर नकाशा उमटवायचा आणि उरलेले तांबे रसायनाने खाऊन टाकायचे. ज्या कंपनीला त्याने ही कल्पना दाखवली, तिने ती नाकारली. तारा जोडण्याचे काम मुली करतात आणि त्या स्वस्त पडतात, हे त्यामागचे कारण सांगितले जाते.

४/
हे कारण नीट लक्षात ठेवा. तंत्र चांगले की वाईट, याचा निवाडा इथे तंत्राच्या गुणांवर झाला नाही. कामगार स्त्रियांच्या तुटपुंज्या मजुरीने तो केला. पुढे महायुद्ध आले. १९४० साली ‘शत्रुराष्ट्राचा नागरिक’ म्हणून आइस्लरलाच स्थानबद्धतेत जावे लागले. सुटका झाल्यावर १९४३ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. युद्धकाळातच अमेरिकेत तोफगोळ्यांच्या प्रॉक्सिमिटी फ्यूजसाठी छापील मंडले वापरात आली. युद्धानंतर हे तंत्र घरोघरच्या रेडिओपर्यंत पोहोचले.

५/
तारा गेल्या, पण हात गेले नाहीत. फक्त काम बदलले. पुढची काही दशके बोर्डाचा नकाशा माणूसच तयार करी. प्रकाशाच्या टेबलावर पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म पसरायची. तिच्यावर प्रत्यक्षाच्या दुप्पट किंवा चौपट आकारात काळ्या चिकटपट्ट्या लावत जायचे, जोडांच्या जागी गोल चकत्या चिकटवायच्या आणि धारदार सुरीने पट्टी कापायची. पुष्कळदा एकाच फिल्मवर बोर्डाची एक बाजू लाल आणि दुसरी निळ्या पट्टीने आखत. कॅमेऱ्यापुढे रंगीत फिल्टर धरून दोन्ही बाजू वेगळ्या काढत. मग तो नकाशा छायाचित्रणाने लहान होऊन तांब्यावर उतरे.

६/
एक वाट चुकली तर शेजारच्या दहा उचकटाव्या लागत. या कामात गणित होते, अंदाज होता आणि बोटांची सवय होती. तरीही ते करणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी ‘ड्राफ्ट्समन’ एवढीच ओळख मिळाली. १९७६ सालच्या ‘ॲपल-१’ मागची दोन नावे, वॉझ्नियॅक आणि जॉब्स, शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. त्याच संगणकाच्या बोर्डाचा ले-आउट हॉवर्ड कॅन्टिन यांनी केला होता. हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकले आहे?

७/
दरम्यान यंत्रालाही वाट शोधायला शिकवले गेले. बेल लॅब्जमधील सी. वाय. ली यांनी १९६१ साली एक रीत प्रसिद्ध केली. बोर्डावर चौकटींचे जाळे कल्पायचे. आरंभबिंदूच्या शेजारच्या चौकटींना १, त्यांच्या शेजाऱ्यांना २, असे आकडे देत जायचे. पाण्यात खडा टाकल्यावर तरंग पसरावेत तसे हे आकडे पसरतात आणि अडथळ्यांना वळसा घालून शेवटच्या बिंदूला भिडतात. मग उतरत्या आकड्यांनी मागे या: सर्वांत जवळची वाट सापडली. वाट अस्तित्वात असेल तर ही रीत ती शोधून काढतेच.

८/
पण हे एका वाटेचे झाले. वाटा शेकडो असतील तर पहिली कोणती आखायची? पहिलीला सर्वांत जवळचा मार्ग दिला, तर शेवटच्या पाच वाटांना मार्गच उरत नाही, असेही घडते. म्हणून ‘संगणक आला आणि ड्राफ्ट्समन संपला’ ही सोपी कथा मला मान्य नाही. आजही किचकट बोर्डावर अभियंता महत्त्वाच्या वाटा स्वतः आखतो. बोर्डावर विद्युतसंकेत एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर जातो. म्हणून एकाच वेळी पोहोचायला हव्यात अशा संकेतांच्या वाटा समान लांबीच्या कराव्या लागतात. जवळच्या वाटेला मुद्दाम नागमोडी वळणे देतात. कोणती वाट लांबवायची, हे माणूसच ठरवतो.

९/
कोणी म्हणेल, हे निव्वळ तंत्र आहे, यात इतिहास कसला? १९८१ सालचा एक प्रसंग पाहा. मॅकिंटॉशच्या गटातील अँडी हर्ट्झफेल्ड यांनी तो लिहून ठेवला आहे. स्टीव्ह जॉब्स यांना मेमरी चिपांजवळच्या वाटा दाटीवाटीच्या आणि कुरूप वाटल्या. आत कोण बघणार आहे, असे सहकाऱ्यांनी विचारले. मी बघणार, असे उत्तर आले. सुमारे ५,००० डॉलर खर्चून ‘सुंदर’ आखणीचे बोर्ड बनवले. ते नीट चालले नाहीत आणि जुनी आखणी परत आली. म्हणजे सत्ता कोणाच्या हाती होती, सौंदर्याची कल्पना कोणाची होती आणि शेवटचा शब्द कोणाचा ठरला, हे सारे त्या रेषांच्या मागे आहे. इतिहास याहून वेगळा काय असतो?

१०/
शिवाय या रेषा वाचता येतात. मोडी कागदाचे वळण पाहून जाणकार काळाचा अंदाज बांधतो, तसेच इथेही आहे. हाताने पट्टी लावलेल्या जुन्या बोर्डांवर वाटा ओढ्यासारख्या सैल, गोलाईने वळताना दिसतात. संगणकावर आखलेल्या बोर्डांवर त्या ४५ अंशांच्या शिस्तीत मोडतात. चिपांवर पुष्कळदा चार अंकांचा संकेत असतो: ८१३२ म्हणजे १९८१ सालचा ३२वा आठवडा. क्वचित एखाद्या कोपऱ्यात तांब्यातच कोरलेली आद्याक्षरे सापडतात. नाव नोंदवण्याची सोय नसलेल्या कारागिराने ठेवलेली ती सही असते.

११/
मात्र साधनाची मर्यादाही ओळखली पाहिजे. गोलाईदार वाट दिसली म्हणून बोर्ड जुना, असा निकाल देऊ नये. आजही कोणी हौसेने तशी आखणी करतो. तारखेचा संकेत चिपचा असतो, बोर्डाचा नव्हे, आणि दुरुस्तीत चिप बदललेली असू शकते. एका खुणेची साक्ष दुसऱ्या खुणेशी ताडूनच घ्यावी.

१२/
संग्रहालये यंत्राचे देखणे खोके जपतात. ज्या फिल्मवर कोणी आठवडेच्या आठवडे वाकून पट्ट्या लावल्या, ती फिल्म काम संपताच कचऱ्यात जाई. बोर्ड तांबे आणि सोन्यासाठी वितळवले जातात. राजवाडे वाड्यावाड्यांतून दप्तरे गोळा करत फिरले नसते, तर किती कागद वाळवीच्या पोटी गेले असते, हे आपण अभिमानाने सांगतो. मग आपल्याच काळाची दप्तरे डोळ्यांदेखत जात असताना आपण गप्प का?

१३/
म्हणून एवढेच करा. घरातला जुना रेडिओ किंवा संगणक भंगारात देण्याआधी बोर्डाच्या दोन्ही बाजूंची स्वच्छ छायाचित्रे घ्या. त्यावरचे क्रमांक, तारखा, आद्याक्षरे लिहून ठेवा. वस्तू कधी, कुठून घेतली हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये वीज काढल्यावरही घातक दाब साठून राहतो. तो मात्र स्वतः उघडू नका. आणि ओळखीत कोणी हे काम हाताने केलेले असेल, तर त्यांच्याकडून आठवणी आजच लिहून घ्या. बोर्ड भंगारवाल्याकडे एखादे वर्ष टिकेल, माणसाची आठवण टिकेलच असे नाही.