लॅबमध्ये पळतं, मेसमध्ये अडतं

गेल्या टर्मला आमच्या ग्रुपने मेसच्या कुपनांचं ॲप केलं. लॅबमधला डेमो एकदम मख्खन! सरांनी सही केली. मग शहाणपणा करून तेच ॲप रात्री आठला मेसच्या रांगेत पोरांच्या हातात दिलं. तिथे मोबाईलला रेंज नावापुरती. बटण दाबलं तर काहीच होईना, म्हणून पोरांनी पुन्हा दाबलं, परत दाबलं. माझ्या रूमपार्टनरची एका जेवणाला तीन कुपनं कापली गेली. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही.

चूक कोडमध्ये पहिल्या दिवसापासून होती. पण लॅबमध्ये सर्व्हर आणि ब्राउझर एकाच मशीनवर. उत्तर इतक्या झटक्यात येतं की दुसऱ्यांदा बटण दाबायला वेळच कुठे? शिवाय मेस सेक्रेटरीचं पान आधी यादी मागायचं, मग एकेका मुलाची माहिती वेगळी. साठ मुलांना एकसष्ट फेऱ्या! फेरीला 200 मिलिसेकंद धरा, बारा सेकंद गेले. यावर ‘जास्त स्पीडचं नेट घ्या’ हा उपाय नाही. रस्ता रुंद केला म्हणून गाव जवळ येत नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. मुंबईहून साडेबारा हजार किलोमीटरवरच्या न्यूयॉर्कला जाऊन यायला किमान 125 मिलिसेकंद लागणारच.

गंमत म्हणजे हा उशीर लॅबमध्ये फुकटात तयार करता येतो. लिनक्सच्या ‘टीसी’ कमांडमध्ये ‘नेटेम’ नावाची सोय आहे. एका ओळीत सांगायचं, बाहेर जाणारं प्रत्येक पॅकेट 200 मिलिसेकंद अडवून सोड. उशीर कमी-जास्त करता येतो, पॅकेटं हरवताही येतात. आम्ही सुट्टीत दोन मशीनवर लावून पाहिलं आणि तीन कुपनांचा घोळ दहा मिनिटांत डोळ्यांसमोर घडला. (एकाच मशीनच्या लूपबॅकवर लावलंत तर जाताना नि येताना दोनदा उशीर बसतो. आमचा अर्धा तास त्यात गेला.) आता प्रत्येक मागणीला नंबर देतो; तोच नंबर परत आला तर सर्व्हर कुपन कापत नाही.

हे काही आमचंच खूळ नव्हे. 2015 साली फेसबुकने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी मंगळवारी तासभर टूजीच्या वेगाने ॲप वापरून बघायची सोय केली होती.

आपल्याकडे घोडं अडतं रूट पासवर्डवर. तो विद्यार्थ्यांना द्यायचा नाही असा नियम आहे, आणि त्याला कारणही आम्हीच आहोत, मान्य. पण कोपऱ्यातली दोन जुनी मशीनं कॉलेजच्या नेटवर्कपासून तोडून आमच्या ताब्यात द्यायला काय हरकत आहे? आणि सरांना विनंती, यंदा ओरलचा डेमो 300 मिलिसेकंदांचा उशीर लावूनच घ्या. पहिला नंबर आमच्या ग्रुपचा लावा. फक्त एक्स्टर्नलशेजारी माझ्या रूमपार्टनरला बसवू नका.