दाराशी आलेला पाहुणा

नाताळ उजाडण्यापूर्वीच नाताळ साजरा होऊन गेलेला असतो, ही आता आमच्याकडे दरवर्षीची गोष्ट झाली आहे. नोव्हेंबर सरतो न सरतो तोच बाजारात कागदी तारे आणि दिव्यांच्या माळा लटकू लागतात, किनाऱ्यावर कर्णे गर्जू लागतात आणि पंचवीस डिसेंबरची पहाट होईपर्यंत माणसे सणाला कंटाळलेली असतात. ख्रिस्ती पंचांगाने मात्र या दिवसांना सणाचा मान दिलेला नाही. नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा हा आगमनकाळ म्हणजे वाट पाहण्याचा काळ. धर्मगुरूंच्या अंगावर जांभळी वस्त्रे, हिरव्या पानांच्या कड्यात दर रविवारी एक याप्रमाणे पेटणारी मेणबत्ती, आणि आरंभीच्या रविवारी वाचला जाणारा जागे राहण्याविषयीचा पाठ. धनी केव्हा परतेल ते चाकराला ठाऊक नसते, म्हणून त्याने निजू नये, असा त्याचा आशय आहे.

आमच्या बहुसंख्य वाचकांना हा काळ शेजारच्या घरातला म्हणून परिचित आहे; परंतु त्यातील कल्पना परकी नाही. चातुर्मासात देव निजतो आणि भक्त तो उठण्याची वाट पाहतो. कार्तिकातल्या पहाटे काकडा पेटवून आम्हीच त्याला जागवतो. आगमनकाळात हेच उलट होते. देव जागाच आहे, झोपेचा धोका माणसाला आहे. पंढरीची कथा तर याहून धीट. तेथे देवच पुंडलिकाच्या दारी तिष्ठत उभा राहिला. आईवडिलांचे पाय चेपणारा पुंडलिक उठला नाही, त्याने वीट पुढे सरकवली, आणि देवाने त्यात अपमान मानला नाही. कारण पुंडलिकाचे लक्ष जेथे असायला हवे तेथेच होते.

लक्ष नसले म्हणजे काय होते, याची एक खरी हकीकत बऱ्हाणपुरात घडलेली आहे. वास्कोहून दिल्लीकडे धावणाऱ्या गोवा एक्स्प्रेसने भुसावळ मागे टाकले की तापीकाठचे हे शहर लागते. ताजमहालच्या राणीने १६३१ साली येथे प्राण सोडला, एवढीच त्याची ओळख आमच्यापैकी अनेकांना असते. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो जहांगीर बादशहाच्या भेटीस जाताना येथे थांबला. बादशहाचा पुत्र शहजादा परवेझ तेव्हा बऱ्हाणपुरात दरबार भरवीत असे. दरबारात पहिली भेट झाली आणि पुढचे बोलणे एकांतात करण्याचे ठरले. रोने दिलेल्या नजराण्यात मद्याच्या बाटल्यांची एक पेटी होती. शहजाद्याने तिचा समाचार इतक्या तत्परतेने घेतला की एकांतातील ती भेट झालीच नाही. समुद्र ओलांडून आलेला पाहुणा दाराशी बसून राहिला आणि त्यानेच आणलेल्या भेटीने यजमान बेशुद्ध झाला. पुढे १६२६ मध्ये त्याच शहरात अतिमद्यपानानेच परवेझचा अंत झाला. गोव्यातला डिसेंबर पाहताना ही गोष्ट आम्हाला वारंवार आठवते.

ज्या वर्षी शहजादा असा झोपला होता, त्याच वर्षी त्याच शहरात कोणीतरी जमिनीला कान लावून बसला होता. बऱ्हाणपूरचा प्रसिद्ध कुंडी भंडारा १६१५ चा मानला जातो. दोहेकार म्हणून उत्तर हिंदुस्थान ज्यांना ओळखतो त्या अब्दुर्रहीम खानखानांच्या आश्रयाने एका इराणी भूजलतज्ज्ञाने तो सिद्ध केला. सातपुड्याच्या उतारावरून तापीकडे पाणी भूगर्भातून झिरपत जाते, हे त्याने ओळखले. लालबागेच्या बाजूला बोगदा खणून ते पाणी गोळा केले, आणि मोट नाही, रहाट नाही, केवळ उताराच्या बळावर ते शहरात पोहोचवले. बोगद्यात हवा व उजेड जावा म्हणून ठरावीक अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या ठेवल्या, त्या शंभराच्या आसपास. पाणी कोठून आणावे लागले नाही. ते वाहतच होते, वरून चालणाऱ्यांना त्याची वार्ता नव्हती इतकेच. मार्च २०२४ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या कामाचा समावेश झाला. तथापि क्षार साचून बोगद्याची वाट अरुंद झाली आहे आणि काही कुंड्या ढासळल्या आहेत, हेही नोंदले पाहिजे. ओळखून काढलेले पाणीदेखील कोणी पाहिनासे झाले की पुन्हा हरवू लागते.

याच बऱ्हाणपुरात कबीरपंथाचे एक महत्त्वाचे पीठ, कबीर निर्णय मंदिर, आहे. पूरण साहेबांच्या या परंपरेचा मुख्य शब्द ‘पारख’. जगाच्या बाहेर बसलेला कर्ता ईश्वर तिला मान्य नाही. तिचा सारा भर पारखून पाहण्यावर. आगमनकाळाच्या श्रद्धेशी तिचे तत्त्वज्ञान जुळणार नाही, आणि ओढून जुळवण्याची गरजही नाही. पण कबीर विणकर होता आणि बऱ्हाणपूर आजही मागांचे गाव आहे. हातातले काम न सोडता डोळे उघडे ठेवावे, ही शिकवण तेथे परकी वाटू नये.

रो बऱ्हाणपुरात आला त्याच्या पुढच्याच वर्षी त्याचा एक देशबांधव, आणि नावानेही टॉमसच, फादर टॉमस स्टीफन्स याचे ‘क्रिस्तपुराण’ आमच्या रायतुरात छापून निघाले. तारकाची युगानुयुगांची प्रतीक्षा त्याने मराठी ओवीत सांगितली. ही वाट पाहण्याची गोष्ट मराठीत येऊन चारशे वर्षे उलटली, असा याचा अर्थ.

आणि गोव्यात ती केवळ पोथीतली गोष्ट नाही. सासष्टी-बार्देशातील कित्येक घरांत आज एक म्हातारे माणूस, फार तर दोन, एवढीच वस्ती उरली आहे. मुलगा तारवटी, नाहीतर आखातात, नाहीतर विलायतेत. नाताळला येईन म्हणतो, सुट्टी मिळाली तर. गावातील हिंदू वाड्यांवरही अशी घरे आता कमी नाहीत. तेथे चवथीची वाट पाहिली जाते. आमच्या जत्रांचे आणि त्यांच्या फेस्तांचे ध्वनिवर्धक या दारांवरून सारखेच गर्जत जातात. सकाळी पोदेराचा भोंगा वाजतो तेव्हा त्यातले एखादे दार उघडते, दोन पाव घेतले जातात, आणि पोदेर घाईत नसला तर चार शब्द होतात. एखाद्या सकाळी दार उघडले नाही, तर ते पहिल्यांदा त्याच्याच ध्यानात येते.