बर्गरचा मसाला घरच्याच डब्यातून

भगिनींनो, मुलांनी बर्गर मागितला की आपण विकतचा मसाला आणतो. यावेळी ते पाकीट उलटून पाहा. त्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. मीठ पहिल्या दोन-तीन नावांत असेल, तर आपण मसाल्याच्या भावाने मीठच विकत घेतो!

घरी करायला 4 चहाचे चमचे धणे, 2 चमचे जिरे, 1 चमचा काळी मिरी आणि अर्धा चमचा मोहरी मंद आचेवर कोरडी भाजा. गार झाल्यावर जाडसर वाटा. त्यात 2 चमचे काश्मिरी मिरचीपूड मिसळा. लवंग-दालचिनी घालू नका, नाहीतर बर्गरला कबाबाची चव येते. अर्धा किलो खिम्याला 2 चमचे मसाला आणि ठेचलेला ताजा लसूण पुरे. एकदा केलेला मसाला चार-पाच वेळा पुरतो.

मीठ मात्र मसाल्यात नको. पहिल्या खेपेला आम्ही खिम्यात मीठ घालून तो तासभर मुरवला. टिक्क्या रबरासारख्या झाल्या, मुलांनी अर्ध्या टाकल्या. मिठाने खिमा चिकट होऊन घट्ट बसतो. म्हणून टिक्की तव्यावर टाकतानाच वरून मीठ भुरभुरा.

महाड-पोलादपूरच्या पावसात मीठ ओल धरते, मसाल्याच्या गुठळ्या होतात. बिनमिठाचा मसाला काचेच्या बरणीत ठेवा, चमचा कोरडा वापरा. वाचलेल्या पैशांत पाव नक्की येतील.