पूल खालून म्हातारा होतो



उन्हाळा सरत आला की आपण घरावरचे पत्रे पाहतो, बांध पाहतो, विहिरीचे कठडे पाहतो. ज्या पुलावरून आपले दूध, आपला ऊस, आपली शाळेची पोरे आणि बाळंतपणाला निघालेली लेक जाते, तो पूल मात्र आपण कधी पाहत नाही. आज त्याच्याविषयी चार शब्द बोलायचे आहेत.

गेल्या उन्हाळ्यात पाहुण्यांच्या गावी निघालो होतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण असा पूल नांदेड-लातूरकडच्या कितीतरी गावांना आहे. मांजरेला मिळणारा एक ओढा, त्यावर जुना दगडी पूल. कठड्याला नवा कोरा रंग दिलेला. पुलावर एक म्हातारबाबा दुधाची किटली घेऊन गाडीची वाट पाहत होते. मी सहज विचारले, "आबा, पूल कसा आहे?"

"त्याला काय झालंय, गुरुजी? माझ्या लग्नाची वरात याच्यावरनंच आली. अन् परवा रंगबी दिलाय की!"

मी काठावरून खाली उतरलो. मधल्या खांबाच्या पायथ्याखाली चांगली कपार झाली होती आणि त्या सावलीत एक शेळी आपली दोन करडे घेऊन निवांत बसली होती. जिथे पुलाला धरून ठेवणारी माती असायला हवी, तिथे शेळी बसलेली! आबांना वर येऊन सांगितले, तर ते हसले. मला मात्र हसू आले नाही. मला सावित्री नदी आठवली.

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र. रायगड जिल्ह्यात महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावर सावित्री नदीला महापूर आला होता. तिथला दगडी कमानींचा पूल इंग्रजांच्या काळातला, १९२८ सालचा. त्या अंधारात पूल कोसळला आणि राजापूर-बोरिवली व जयगड-मुंबई या दोन एस. टी. गाड्या आणि एक खाजगी गाडी नदीत गेली. सुमारे ४० माणसे गेली. कितीतरी जणांचे देह घरच्यांना मिळालेसुद्धा नाहीत. आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची पाहणी होऊन धोका नसल्याचे म्हटले गेले होते. शेजारी नवा पूल उभा होता, तरी जुन्यावरची वाहतूक चालूच होती.

मग पाहणी होऊनही दुखणे दिसले कसे नाही? याचे एक कारण समजून घेण्यासारखे आहे. पूर आला की पाणी खांबाला धडकते, दोन्ही अंगांनी वळते आणि पायथ्याशी भोवरा धरते. हा भोवरा गिरमिटासारखा तळाची वाळू-माती उकरतो. पूर ओसरू लागला की पाण्याचा जोर कमी होतो आणि तोच खड्डा नव्या गाळाने भरून निघतो. उन्हाळ्यात पाहणाऱ्याला तळ सपाट दिसतो, पण तो गाळ पोकळ असतो. पुढच्या पुरात पहिल्या तासातच निघून जातो. दगडी कमानीत तर प्रत्येक दगड शेजारच्या दगडाच्या दाबावर उभा असतो. एक खांब खचला की कमानी एकामागोमाग एक जातात. म्हणून म्हणतो, पूल वरून म्हातारा दिसत नाही. तो खालून म्हातारा होतो.

नुसत्या वयावरही जाऊ नये. गुजरातेत वडोदरा जिल्ह्यात मही नदीवरचा गंभीरा पूल १९८५ च्या सुमाराचा, म्हणजे चाळिशीचा. तो ९ जुलै २०२५ रोजी सकाळी तुटला आणि वीसहून अधिक माणसे दगावली. माणसात जसा एखादा चाळिशीतच खंगतो आणि एखादा ऐंशीला काठी न घेता शेतावर जातो, तसेच पुलाचे आहे. त्याला काय सोसावे लागले आणि त्याची काळजी कोणी घेतली, यावर सारे ठरते.

वेळीच निवृत्ती दिलेला एक पूल सांगतो. आपल्याकडची जुनी माणसे काशी-रामेश्वर करून येतात. रामेश्वर हे समुद्रातले बेट. मुख्य भूमीवरून तिथे नेणारा पांबनचा रेल्वे पूल १९१४ साली सुरू झाला, लांबी दोन किलोमीटरहून थोडी जास्त. डिसेंबर १९६४ च्या वादळाने त्याचे गाळे वाहून नेले, धनुष्कोडीकडे निघालेली आगगाडी माणसांसह समुद्रात गेली. पूल दुरुस्त केला आणि तो पुन्हा कामाला लागला. पण खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजतच राहिले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरून गाड्या बंद केल्या. दोन वर्षांहून अधिक काळ यात्रेकरू अलीकडे मंडपम स्टेशनला उतरून रस्त्याच्या पुलावरून पलीकडे गेले. हाल झाले, पण जुना पूल माणसे घेऊन पडला नाही. शेजारी नवा पूल बांधून ६ एप्रिल २०२५ रोजी तो खुला केला.

दुसरीकडे मावळातले कुंडमळा पाहा. इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल, धोक्याची पाटी लावलेली. तरी १५ जून २०२५ च्या रविवारी पाणी पाहायला त्यावर गर्दी झाली, पूल कोसळला आणि चार जीव गेले. पाटी लिहिणे सरकारचे काम, ती वाचून मागे फिरणे आपले.

आता आपल्या घरचे पाहू. मांजरा, तेरणा, लेंडी, मन्याड, आसना, आणि या सगळ्यांची थोरली गोदावरी. या नद्या उन्हाळ्यात दोरीएवढ्या आणि पावसाळ्यात अंगावर येणाऱ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात एका रात्रीत काय झाले, हे हसनाळच्या माणसांना विचारावे. अशा नद्यांवर आपणच आपल्या हाताने काही दुखणी लावून ठेवली आहेत.

पहिले दुखणे वाळूचे. पुलाजवळून वाळू काढायला बंदी आहे, तरी रात्री ट्रॅक्टर उतरतात. नदीचा तळ खाली जातो आणि खांबाचा पाया उघडा पडतो. तो ट्रॅक्टर परगावचा असतो असे आपण म्हणतो. नेहमीच असतो का, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

दुसरे दुखणे काडीकचऱ्याचे. नळकांडी पुलाच्या नळ्यांत तुराट्या, पऱ्हाट्या, बेशरमाची झाडे अडकतात. पाण्याला वाट राहत नाही, ते वरून उडी घेते आणि पुलाच्या दोन्ही टोकांचा भराव धुऊन नेते. आपली काळी माती उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे हा भराव आधीच कच्चा असतो.

तिसरे पिंपळाचे. दगडाच्या सांध्यात रोप उगवते. देवाचे झाड म्हणून कोणी हात लावत नाही. मूळ वाढते आणि सांधा उकलते. रोप लहान आहे तोवर हात जोडून काढावे आणि पारावर लावावे. देवही रागावणार नाही आणि पूलही राहील.

चौथे दुखणे जमिनीचे. नवा पूल मंजूर होतो, खांब उभे राहतात आणि पोचमार्गाच्या दोन-चार गुंठ्यांवरून काम वर्षानुवर्षे अडते. ज्याची जमीन जाते त्याला रास्त मोबदला वेळेवर मिळाला पाहिजे, हे खरेच. पण भाऊबंदकीची जुनी उट्टी काढायला पुलाचा रस्ता अडवू नये. सावित्रीवरचा नवा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ रोजी खुला झाला. मनावर घेतले तर पूल एका दिवाळीपासून पुढच्या मृगापर्यंत होऊ शकतो. फक्त त्यासाठी आधी ४० माणसे जावी लागली. बैल गेला आणि झोपा केला, असे पुन्हा होऊ नये.

तेव्हा करायचे काय? १ मेच्या ग्रामसभेच्या आधी गावातल्या चार जाणत्या माणसांनी पुलाखाली उतरावे. पाया उघडा पडला आहे का, तडे रुंदावलेत का, सळया दिसतात का, कठड्याची रेघ कुठे वाकली आहे का, ते पाहावे. खांबाजवळच्या गाळात पहार घालून पाहावी. ती सहज आत गेली तर समजावे की आत पोकळ आहे. हे सारे ठरावात लिहून रस्ता ज्याच्या ताब्यात असेल, म्हणजे जिल्हा परिषद किंवा बांधकाम विभाग, तिकडे पाठवावे आणि पोच घ्यावी. आपण काही इंजिनियर नाही. पण ताप आहे हे आईला कळते, औषध डॉक्टर देतो.

आणि पूर आला की एकच नियम. पुलावर पाणी असेल तर पाऊल घालू नये. फूटभर वाहते पाणी लहान मोटार ढकलते, दोन फूट पाणी जीपगाडी नेते, आणि खालचा पूल जागेवर आहे की नाही हे गढूळ पाण्यात कोणालाच दिसत नाही. दूध नासले तर एका दिवसाचे नुकसान. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ हा नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवावा.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर किल्लारीने आपल्याला घराच्या भिंतीकडे पाहायला शिकवले. दगड-मातीच्या जाड भिंती भक्कम दिसत होत्या, त्याच अंगावर आल्या. ते शिकायला फार मोठी किंमत पडली. पुलाकडे पाहायला तशी किंमत पडू नये.

त्या आबांना परत निघताना मी हाताला धरून खाली नेले. त्यांनी शेळीला हुसकले, वाकून कपारीत हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुरुजी, माझी नात रोज याच्यावरनं शाळेत जाते हो."

मंडळी, या रविवारी जरा वेळ काढा, आणि आपल्या पुलाखाली उतरून या.