फीच्या ओळीखालचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की खामगाव-चिखलीपासून मेहकर-मलकापूरपर्यंत घरोघरी एकच खल सुरू होतो : लेकराला कुठल्या कॉलेजात घालायचे? कुणी पुण्याचे नाव घेतो, कुणी नागपूरचे. फीचे आकडे शेजारी-शेजारी मांडले जातात आणि त्यालाच हिशेब म्हटले जाते.

बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात उमेद गेलेल्या माझ्यासारख्याला हा हिशेब अर्धवट वाटतो. फी ही पहिली ओळ. तिच्याखाली खोलीभाडे, खानावळ, जाणे-येणे. आणि सर्वांत खाली व्याज. समजा, चार वर्षे दरसाल १ लाख रुपये कर्ज उचलले, दर १० टक्के. शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत सहसा हप्ता नसतो. व्याजाला मात्र सुट्टी नसते. सरळव्याजाने धरले तरी पहिल्या हप्त्याच्या दिवशी ४ लाखांचे ५ लाख ४० हजार झालेले असतात. दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे ७,१०० रुपये. सुरुवातीच्या पगाराला हे झेपेल का? मुलाला नोकरी लागो न लागो, सहकर्जदार म्हणून सही बापाची असते, आणि बापाजवळ असते ती कोरडवाहू जमीन.

एकेकाळी निवडीला वावच नव्हता. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४चे. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना दार उघडले. त्याच वर्षी शेगावात संत गजानन महाराजांच्या नावाने अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. पाठोपाठ देणग्यांचा बाजारही आला, इतका की १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांच्या फीवर नियंत्रण ठेवणारा कायदा २०१५चा. कायदा फी ठरवील. त्या फीचे चीज होईल की नाही, हे आपणच पाहायचे.

ते कसे पाहावे? इमारत पाहू नये. कायम शिक्षक किती, प्रयोगशाळेत मुलांचे हात यंत्राला लागतात का, गेल्या तुकडीतले किती जण वेळेत उत्तीर्ण झाले, हे विचारावे. जाहिरातीतला सर्वांत मोठा पगार एकाच मुलाचा असतो. वर्गातल्या मधल्या मुलाला काय मिळाले, ते विचारावे. दूरचे कॉलेज या कसोटीला उतरत असेल, तर जादा खर्च खुशाल करावा. केवळ शहराच्या नावासाठी मात्र करू नये.

आणखी एक. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची संपूर्ण सवलत २०२४ मध्ये जाहीर झाली. राहण्या-खाण्याचा खर्च उरतोच. तरीही ‘मुलाला पुणे, मुलीला गावातले कॉलेज’ ही आपली जुनी वाटणी आता पैशांच्या नावाखाली लपवता येणार नाही.

शिक्षण महाग असू शकते. ते आंधळेपणाने विकत घेतले, की त्याची किंमत धाकट्या भावंडांना मोजावी लागते.