फुल्ल हवा

मंडळी, गेल्या रविवारी आमच्या नातवाचं मनगट मोडलं. फोनवर चौकशी करणाऱ्या बहुतेक नातेवाइकांनी एकच सुनावलं, "पोरगं वेडंवाकडं चालवत असणार." तसं नाही हो. चूक माझी होती, आणि तीच चूक तुम्हीही करता म्हणून हे लिहितोय.

टेकडीवर निघण्याआधी त्याची सायकल मीच कोपऱ्यावरच्या दुकानात नेली. "फुल्ल भर रे!" मग अंगठ्याने दाबून पाहिलं, टायर दगडासारखा लागला, समाधान झालं. उतारावर मुरूम सुटा झालेला. वळणावर पुढचं चाक सरकलं आणि पोरगं आडवं.

नंतर शेजाऱ्यांचा मीटरचा पंप लावला. ५५ पीएसआय! टायरच्या कडेला ६५ छापलंय; ते 'याच्या वर भरू नका' म्हणून. आपण वाचतो 'एवढी भरा'.

टणक हवेची सायकल पळते, हे गुळगुळीत डांबरावर खरं. खडबडीत वाटेवर टणक टायर प्रत्येक खड्यावरून उडतो, आणि दर वेळी स्वाराला वर उचलण्यात पायातली ताकद जाते. हवा कमी असली की टायर खड्याला पोटात घेतो, जमीन धरतो. डनलॉपने हवेचा टायर केला तोच मुळी मुलाच्या तीनचाकीचे हादरे कमी व्हावेत म्हणून. १८८८ साली पेटंट घेतलं. आणि आपण हवा ठासून त्याचं पुन्हा भरीव रबर करतो!

मी जन्मभर भूगोल शिकवला. पाचवीतल्या मुलालाही मुरूम आणि काळी माती यातला फरक कळतो, पण टायर घेताना आपल्याला जमीन एकच. काळ्या चिखलात जवळजवळ दात्यांचा टायर लगेच थापून गुळगुळीत होतो. तिथे दाते उंच आणि लांब लांब हवेत, म्हणजे चिखल झडतो. तेच दाते कोरड्या कातळावर वळवळतात, डांबरावर नुसते गुरगुरतात.

आता कुणी म्हणेल, मग हवा सोडूनच द्यावी! तेही नको. जांभ्याच्या सड्यावर फार मऊ टायर आपटला की ट्यूब रिम आणि दगड यांत चिमटते, शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. दुकानदार म्हणतो काटा लागला. अहो, एका काट्याला दोन टोकं कुठली?

"मास्तर, इतकं मोजत बसलं तर सायकल चालवायची कधी?" असं एका मित्राने विचारलं. दोन मिनिटं लागतात. मनगटाला सहा आठवडे.

नातू ५२ किलोचा, टायर सव्वादोन इंची, ट्यूबचे. आता पुढे २५, मागे २८ पासून सुरुवात करायची ठरलंय. रिम आपटली तर दोन वाढवायचे, चाक सरकलं तर एखाद-दोन काढायचे. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून तिथे जास्त.

काल सवयीने माझा हात पंपावर जरा जास्तच चालला. प्लास्टरमधला हात सांभाळत तो म्हणाला, "आजोबा, काटा बघा, ३५ झाली. सोडा." सोडली.